मोठ्या ग्रंथालयाच्या इमारतीत वाट शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठाचे, राज्याचे किंवा एखाद्या महानगराचे मोठे ग्रंथालय पहिल्यांदा पाहणाऱ्या वाचकांना जे प्रश्न हमखास पडतात, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे वाचकांसाठी आहेत, तर काही ग्रंथालय चालवणाऱ्यांसाठी. दोघांनीही सगळी वाचायला हरकत नाही.

मोठ्या ग्रंथालयात माणसे नेमकी कशामुळे चुकतात?

रुग्णालयात किंवा रेल्वे स्थानकावर आपल्याला एखाद्या ठिकाणी पोहोचायचे असते, म्हणजे खोलीपाशी, खिडकीपाशी किंवा फलाटावर. ग्रंथालयात मात्र वाचकाला इमारतीतले ठिकाण तर शोधावे लागतेच, शिवाय त्या ठिकाणी पोहोचल्यावर हजारो पुस्तकांतून एकच पुस्तक शोधावे लागते. येथे दोन क्रम एकाच वेळी चालू असतात. मजले, दालने, जिने आणि दारे हा इमारतीचा क्रम. वर्गांकाप्रमाणे, म्हणजे विषयानुसार दिलेल्या क्रमांकाप्रमाणे लागलेली पुस्तके हा संग्रहाचा क्रम. हे दोन क्रम जेथे एकमेकांना धरून चालतात तेथे वाचक फारसा अडखळत नाही. पण संग्रह वाढतो, कपाटे कमी पडतात, आणि मग ५०० ते ५४९ पर्यंतची विज्ञानाची पुस्तके एका दालनात आणि उरलेली जिन्याच्या पलीकडच्या दालनात अशी विभागणी होते. वाचक चुकतो तो बहुधा अशाच सांध्यावर.

इमारतींच्या बाजूने पाहिल्यास जेराल्ड वाइझमन या अभ्यासकाने १९८१ मध्ये चार गोष्टी मांडल्या होत्या: उभ्या जागेवरून पुढचे किती दिसते, इमारतीचे भाग एकमेकांपासून किती वेगळे ओळखू येतात, पाट्या व खोल्यांचे क्रमांक कसे आहेत, आणि मुळातला आराखडा किती सरळ आहे. ग्रंथालयात यांतील पहिल्या दोन गोष्टींची अडचण कपाटेच करतात. माणसाच्या उंचीपेक्षा उंच कपाटांच्या रांगांत पुढचे दिसत नाही आणि प्रत्येक रांग दुसरीसारखीच दिसते.

मग पाट्या वाढवल्या की प्रश्न सुटत नाही का?

काही प्रमाणात सुटतो, पण अपेक्षेपेक्षा कमी. मायकेल ओनील यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की गुंतागुंतीच्या आराखड्यात पाट्या असूनही माणसे जितकी चुकली, त्यापेक्षा सरळ आराखड्यात पाट्या नसतानाही ती कमी चुकली. पाटी ही बहुतेक वेळा आराखड्यावर नंतर लावलेले ठिगळ असते, आणि जेथे ठिगळे फार तेथे मूळ कापडाकडे एकदा पाहावे.

शिवाय पाट्या साचत जातात. देवघेव विभागाच्या काउंटरवर उभे राहून समोर पाहिले तर रंगवलेली मूळ पाटी, त्याखाली ‘शांतता राखा’, शेजारी संगणकावर छापून चिकटपट्टीने लावलेला ए-फोर कागद, त्यावर ‘नियतकालिके विभाग दुसऱ्या मजल्यावर हलवला आहे’ असा मजकूर, आणि त्याच्याच वर ‘नियतकालिके’ असे लिहिलेला जुना बाण, असे दृश्य अनेक ठिकाणी दिसते. वाचक यांतले काहीच वाचत नाही, कारण सगळे वाचायचे तर थांबावे लागेल, आणि वाट शोधणारा माणूस सहसा चालता चालता वाचतो.

अमेरिकेतील सिएटलच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे उदाहरण या विषयात वारंवार का दिले जाते?

कारण ती जगातील गाजलेल्या ग्रंथालय-इमारतींपैकी एक आहे, आणि वाट चुकण्याच्या अभ्यासासाठीही ती तितकीच गाजली. वास्तुविशारद रेम कूल्हास यांच्या ओएमए या संस्थेने आखलेली ही अकरा मजली इमारत २००४ मध्ये खुली झाली. शहर उतारावर असल्याने तिला दोन रस्त्यांवर दोन दारे आहेत. चौथ्या ॲव्हेन्यूवरून आत आलेला माणूस पहिल्या पातळीवर असतो, आणि पाचव्या ॲव्हेन्यूवरून आलेला थेट तिसऱ्या पातळीवर. दोघांनाही आपण रस्त्याच्या पातळीला आहोत असेच वाटते, आणि दोघेही बरोबर असतात.

या इमारतीतील सर्वांत धाडसी कल्पना म्हणजे सहाव्या ते नवव्या पातळीपर्यंत वळत जाणारा पुस्तकांचा सलग उतार. कथा-कादंबऱ्या वगळता उरलेली पुस्तके येथे ००० पासून ९९९ पर्यंत कोठेही न तुटता एकाच ओळीत लागलेली आहेत, आणि हे वर्गांक, म्हणजे ड्यूई पद्धतीचे क्रमांक, जमिनीवरच्या रबरी चटयांवर मोठ्या आकड्यांत उमटवलेले आहेत. वर उल्लेख केलेल्या दोन क्रमांची सांगड घालण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. संग्रह वाढला की विषय एका मजल्यावरून दुसऱ्यावर फेकला जातो, ही जुनी अडचण त्याने खरोखरच सोडवली. उताराच्या आत शिरलेल्या वाचकाला आकडे वाढत्या क्रमाने गेले की आपण योग्य दिशेने आहोत एवढे कळणे पुरेसे असते.

अडचण येते ती उतारापर्यंत पोहोचताना आणि तेथून बाहेर पडताना. मजल्यांचे आराखडे एकमेकांशी जुळत नाहीत. खालच्या मजल्यावर जिना ज्या कोपऱ्यात होता, त्याच कोपऱ्यात तो वरही असेल असा आपला समज असतो, आणि येथे तो खोटा ठरतो. पिवळे धमक सरकते जिने वाचकाला झपाट्याने वर नेतात, मधले काही मजले वगळून नेतात, पण त्याच वाटेने खाली आणणारा जिना प्रत्येक ठिकाणी नाही. परतीची वाट म्हणजे आलेली वाट उलट चालणे, हा माणसाचा सर्वांत साधा आडाखा असतो, आणि तोच येथे उपयोगी पडत नाही.

लॉरा कार्लसन, क्रिस्टोफ ह्योल्शर, थॉमस शिपली आणि रूथ कॉनरॉय डाल्टन यांनी २०१० मध्ये इमारतींत माणसे का हरवतात याची मांडणी करताना हेच ग्रंथालय उदाहरण म्हणून घेतले. त्यांच्या मते इमारतीची रचना, वापरणाऱ्याच्या मनात तयार होणारा नकाशा, आणि त्याची स्वतःची शोधण्याची पद्धत व क्षमता या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. कोणा एकट्या वास्तुविशारदाला किंवा एकट्या वाचकाला दोष देऊन हिशेब पुरा होत नाही. ही इमारत फसली, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तिच्या वाचनकक्षातला उजेड आणि तेथली मोकळीक पाहिलेला माणूस तसे म्हणणारही नाही.

आत शिरल्यावर सर्वप्रथम काय करावे?

आधी मजला निश्चित करावा आणि तेथे पोहोचावे. त्या मजल्यावरची दिशा नंतर पाहावी. अनेक मजली इमारतीत वाट शोधणारी माणसे साधारण तीन पद्धती वापरतात, असे जर्मनीतील एका परिषदगृहाच्या अभ्यासातून २००६ मध्ये पुढे आले. काही जण ओळखीच्या मध्यवर्ती जागेवर पुन्हा पुन्हा येऊन तेथून सुरुवात करतात, काही जण इच्छित जागा ज्या बाजूला असेल त्या बाजूला आधी आडवे चालत जातात, तर काही जण आधी योग्य मजला गाठतात. तिसरी पद्धत अधिक कामाची ठरली, आणि इमारतीची माहिती असणारे लोक तीच अधिक वापरताना दिसले.

ग्रंथालयात यासाठी एक पूर्वतयारी लागते. तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, पुस्तक शोधल्यावर केवळ नाव लक्षात ठेवून निघू नये. बोधांक (वर्गांक आणि त्याखालचा ग्रंथांक मिळून होणारा पुस्तकाचा क्रमांक) आणि विभाग हे दोन्ही कागदावर किंवा मोबाईलवर टिपून घ्यावेत. आपल्याकडे अनेक ग्रंथालयांत कोहा किंवा ई-ग्रंथालय या प्रणाली आहेत, आणि त्यांत बोधांकाशेजारी ‘स्थान’ असा रकाना असतो. ‘संदर्भ’, ‘पाठ्यपुस्तक विभाग’, ‘देणगी संग्रह’ असे काही तेथे लिहिलेले असेल तर केवळ बोधांकाच्या आधारे सामान्य कपाटांत शोधण्यात अर्धा तास सहज वाया जातो.

बोधांक कसा वाचावा? आकडे क्रमाने असूनही पुस्तक सापडत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ दशांश चिन्हाच्या पुढच्या आकड्यांचा होतो. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात सर्व ज्ञान दहा मुख्य वर्गांत विभागलेले आहे आणि पुढचे उपविभाग दशांशात वाढत जातात. भारतीय भाषांच्या साहित्याचेच उदाहरण घेऊ. हिंदी साहित्य ८९१.४३, उर्दू ८९१.४३९, बंगाली ८९१.४४, मराठी ८९१.४६ आणि गुजराती ८९१.४७ येथे येते. चारशे एकोणचाळीस ही संख्या सेहेचाळीसपेक्षा मोठी, म्हणून उर्दूची पुस्तके मराठीच्या पुढे असतील असे समजून वाचक पुढे पुढे जात राहतो. प्रत्यक्षात ती मागे, हिंदीला लागून असतात. दशांशानंतरचा भाग एक पूर्ण संख्या म्हणून न वाचता एकेक अंक सुटा वाचावा: चार, तीन, नऊ. तिसऱ्या अंकाची तुलना दुसरा अंक सारखा असेल तरच करायची.

मराठी वाचकाची पुढची अडचण वेगळी आहे. ८९१.४६ या एका क्रमांकाखाली कित्येक कपाटे भरतात. काव्यासाठी ८९१.४६१, नाटकासाठी ८९१.४६२ आणि कादंबरी व कथेसाठी ८९१.४६३ असा आणखी एक अंक जोडला जातो, तरीही ८९१.४६३ च्याच पाच-सहा रांगा एकापुढे एक उभ्या असतात. तेथे वर्गांक काहीच सांगत नाही. सगळी भिस्त त्याखालच्या ग्रंथांकावर, म्हणजे बहुधा लेखकाच्या आडनावाच्या अक्षरांवर असते. ही अक्षरे काही ग्रंथालये देवनागरीत लिहितात, काही रोमन लिपीत. ‘खांडेकर’ हे आडनाव देवनागरी क्रमात ‘कुलकर्णी’ नंतर येते, तर रोमन क्रमात (Khandekar, Kulkarni) त्याच्या आधी. म्हणून त्या कपाटांतील कोणत्याही दोन पुस्तकांच्या कण्यावरील चिठ्ठ्या आधी पाहून तेथे कोणता क्रम चालतो याची खात्री करून घ्यावी.

आणखी एक लहानशी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. पुस्तके एका खणात डावीकडून उजवीकडे आणि वरच्या फळीवरून खालच्या फळीकडे लागतात. तो खण तळापर्यंत संपला की मग शेजारच्या खणाची वरची फळी सुरू होते. नवखा वाचक मात्र रांगेच्या टोकापर्यंत वरचीच फळी वाचत जातो, आणि मग आकडे उड्या मारत असल्याची तक्रार करतो.

आमच्या वाचनालयात हे आकडेच नाहीत. तेथे काय?

महाराष्ट्रातील अनेक सार्वजनिक वाचनालयांत कादंबरी, कथा, चरित्र, प्रवासवर्णन असे ढोबळ विभाग असतात आणि त्यांच्या आत पुस्तके दाखल क्रमांकाने लागतात. दाखल क्रमांक म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आल्याचा क्रम. त्याचा विषयाशी संबंध नसतो. तेथे फळीवर नजर फिरवत शोधण्यापेक्षा यादीतून क्रमांक काढून तो सांगणे हाच जवळचा मार्ग आहे. काही विद्यापीठीय ग्रंथालयांत भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांचे १९३३ चे द्विबिंदू वर्गीकरणही भेटते. त्याचे क्रमांक अक्षरे आणि विरामचिन्हे मिसळलेले असल्याने ते अंदाजाने वाचू नयेत.

एकाच विषयाची पुस्तके निरनिराळ्या मजल्यांवर का असतात?

कारण वाचकाचा विषय आणि वर्गीकरणकाराचा विषय एक नसतो. योगावरचे पुस्तक तत्त्वज्ञान म्हणून १८१.४५ ला जाऊ शकते, तर आसनांचे पुस्तक आरोग्य म्हणून ६१३.७ च्या आसपास. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ ला सापडेल, पण मराठी भाषेचा इतिहास ४९१.४६ ला, आणि या दोन्हींच्या मध्ये विज्ञान, तंत्रज्ञान आणि कलांची दालने पडतील. त्याशिवाय मोठ्या आकाराचे ग्रंथ, नकाशे, दुर्मीळ प्रती आणि देणगीदारांच्या नावाने ठेवलेले संग्रह हे मूळ क्रमातून बाहेर काढलेले असतात. देणगी संग्रह एकत्रच ठेवण्याची अट बरेचदा देणगीपत्रातच असते. ती पाळणे भागच आहे, पण मूळ जागी ‘यापैकी काही ग्रंथ अमुक संग्रहात’ अशी खूण ठेवण्यापासून कोणी अडवलेले नाही.

तालिकेत ‘उपलब्ध’ दिसते, फळीवर मात्र पुस्तक नाही. असे का?

‘उपलब्ध’ याचा अर्थ ते कोणाच्या नावावर दिलेले नाही, एवढाच. ते टेबलावर असेल, परत आलेल्या पुस्तकांच्या ढकलगाडीवर असेल, बांधणीला गेले असेल किंवा चुकीच्या फळीवर लागले असेल. आधी डावी-उजवीकडची फळी, मग वर्गांकातील दोन अंकांची अदलाबदल करून ती जागा पाहावी, आणि तरीही न मिळाल्यास काउंटरवर नोंद करावी. वाचून झालेले पुस्तक स्वतः फळीवर ठेवू नका, ही सूचना यासाठीच असते.

भिंतीवरचा ‘तुम्ही येथे आहात’ हा नकाशा उलटा का वाटतो?

बहुतेक वेळा तो खरोखरच चुकीच्या दिशेने लावलेला असतो. नकाशासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या पुढ्यात जे आहे ते नकाशात वरच्या बाजूला असले पाहिजे, हे मानसशास्त्रज्ञ मार्विन लेव्हिन यांनी १९८० च्या दशकातील प्रयोगांतून दाखवून दिले. पण ग्रंथालये एकच नकाशा छापून घेतात आणि तोच चारही भिंतींवर लावतात. त्यामुळे एका भिंतीवर तो बरोबर आणि उरलेल्या तीन भिंतींवर तिरका किंवा उलटा ठरतो. उत्तर दिशा वर ठेवण्याचा आग्रह इमारतीच्या आत निरर्थक आहे, कारण बिनखिडकीच्या दालनात उत्तर कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

परदेशी ग्रंथालयात मजल्यांचा हिशेब का चुकतो?

आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये तळमजल्याच्या वर पहिला मजला येतो. अमेरिकेत रस्त्याच्या पातळीचा मजलाच बहुधा पहिला धरला जातो. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांनी लिफ्टमधील बटणे पाहण्याआधी हे लक्षात ठेवले तर एक हेलपाटा वाचेल.

पुस्तके जागेवर आणून देणाऱ्या ग्रंथालयातही वाट शोधावी लागते का?

बंदिस्त पद्धतीत फळीपर्यंत जाण्याचा प्रश्न मिटतो, पण त्याऐवजी कार्यपद्धतीची वाट शोधावी लागते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचे उदाहरण मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना जवळचे आहे, कारण इंडिया ऑफिसची, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याची दप्तरे तेथे तिसऱ्या मजल्यावरील आशियाई व आफ्रिकी अध्ययनाच्या वाचनकक्षात पाहायला मिळतात. आधी वाचकपत्र काढायचे, पिशवी व कोट खालच्या मजल्यावर ठेवायचे, आवश्यक तेवढेच सामान पारदर्शक पिशवीतून न्यायचे, पेनाऐवजी पेन्सिल वापरायची, आणि मागणी आधीच नोंदवायची, कारण संग्रहाचा मोठा भाग यॉर्कशरमधील बॉस्टन स्पा येथे आहे. यातली एक पायरी विसरली की तीन मजले पुन्हा उतरावे लागतात.

त्या इमारतीत एक गोष्ट मात्र फार नेमकी साधली आहे. मध्यभागी किंग्ज लायब्ररी या जुन्या राजसंग्रहाचा काचेचा उंच मनोरा अनेक मजल्यांवरून दिसतो, त्यातील चामडी बांधणीच्या ग्रंथांसह. आपण त्याच्या कोणत्या बाजूला आहोत एवढे कळले तरी वाचकाला इमारतीचा अंदाज येतो. शहररचनेचे अभ्यासक केव्हिन लिंच यांनी १९६० मध्ये शहरांविषयी लिहिताना ठळक खुणांचे जे महत्त्व सांगितले, ते इमारतीच्या आतही लागू पडते.

मोबाईलवरचा नकाशा आत चालेल का?

उपग्रहावर आधारलेली स्थाननिश्चिती जाड भिंतींच्या आत भरवशाची नसते आणि मजलाही नीट सांगत नाही. काही ग्रंथालये क्यूआर कोड लावून त्या मजल्याचा आराखडा उघडण्याची सोय करतात. ती स्वस्त आणि उपयोगी आहे, मात्र कपाटे हलवल्यावर आराखडाही बदलण्याची जबाबदारी कोणावर तरी नावानिशी सोपवलेली असावी.

अपंग आणि ज्येष्ठ वाचकांसाठी काय वेगळे पाहावे?

त्यांच्यासाठी ‘कोठे आहे’ इतकाच ‘तेथवर जाता येते का’ हाही प्रश्न असतो. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलसमोरील तीस पायऱ्या ही फोर्टमधली सर्वांना ठाऊक असलेली खूण आहे, पण चाकाच्या खुर्चीवरील वाचकासाठी तीच पहिली अडवणूक ठरते. जुन्या इमारतींत पर्यायी दार असल्यास त्याची माहिती संकेतस्थळावर आणि मुख्य दाराशी, दोन्हीकडे हवी. ते दार शोधण्यासाठी आधी पायऱ्या चढाव्या लागणे हा विनोद झाला. चेन्नईच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात, जे २०१० मध्ये सुरू झाले, ब्रेल विभाग तळमजल्यावर ठेवलेला आहे आणि हा निर्णय अनुकरणीय आहे. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक इमारती सुगम असणे बंधनकारक आहे. पाट्यांबाबत सांगायचे तर अक्षर मोठे, पार्श्वभूमीपासून उठून दिसणारे आणि पाटी चमक न मारणारी असावी. काचेवर कोरलेली पांढरी अक्षरे छायाचित्रात शोभतात, वाचता येत नाहीत.

प्रत्येक वेळी कर्मचाऱ्यांना विचारणे योग्य आहे का?

निःसंकोच विचारावे. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे, आणि ते पाळण्याची जबाबदारी ग्रंथालयाकडे आहे. अडचण अशी की कामात मान खाली घालून बसलेल्या माणसाला हाक मारणे अनेकांना जड जाते. विशेषतः घरातून पहिल्यांदाच शिकायला आलेले विद्यार्थी विचारण्यापेक्षा रिकाम्या हाताने परत जाणे पसंत करतात. देवघेवीच्या रांगेपासून वेगळा, दारातून दिसणारा आणि ‘येथे विचारा’ एवढेच लिहिलेला काउंटर असेल तर हा संकोच बराच कमी होतो. विचारताना ‘इतिहासाची पुस्तके कोठे आहेत’ असे मोघम न विचारता हवे ते पुस्तक किंवा नेमका विषय सांगावा.

फारसा खर्च न करता ग्रंथालयाला काय करता येईल?

काउंटरवर एक वही ठेवावी आणि वाटेविषयी विचारलेला प्रत्येक प्रश्न, तो कोठे उभे राहून विचारला गेला यासह, महिनाभर लिहून काढावा. ‘स्वच्छतागृह कोठे आहे’ हा प्रश्न बहुधा सर्वांत वर येईल. त्याला हसू नये, त्याची पाटी आधी लावावी. त्यानंतर ग्रंथालय कधीही न पाहिलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला एक बोधांक देऊन पुस्तक आणायला सांगावे आणि मदत न करता मागे मागे चालावे. तो जेथे थबकतो, मागे वळून पाहतो किंवा दोन पाट्यांकडे आळीपाळीने बघतो, तेथेच पाटी हवी. पाटी वाट फुटते त्या जागी आणि दहा पावले आधीपासून वाचता येईल अशी असावी. प्रत्येक रांगेच्या टोकाला सुरुवातीचा व शेवटचा वर्गांक विषयाच्या नावासह लिहावा, कारण ‘६३०–६३९’ हे आकडे ज्याला काही सांगत नाहीत, त्याला ‘शेती’ हा शब्द सांगतो. आणि नवी पाटी लावण्याच्या दिवशीच जुनी काढावी, तिच्या मागच्या चिकटपट्टीसकट.